शनिवारची सतरंजी

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीचं वय ४४. ठाण्यात राहतात, नोकरी करतात. मुलगा दहावीत, मुलगी सहावीत. त्यांचं लहानपण सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, वाड्यात गेलं. अख्ख्या वाड्यात टीव्ही एकच, तोही समोरच्या काकूंकडे. शनिवारी संध्याकाळी तिथे सतरंजी अंथरली जायची आणि पंचवीस-तीस माणसं दाटीवाटीने बसून दूरदर्शनवरचा मराठी सिनेमा बघायची. तसंच काही आपल्या मुलांच्या वाट्याला यावं म्हणून त्यांनी यंदा जानेवारीत ५२ जुन्या सिनेमांची आणि मालिकांची यादी करून फ्रिजवर लावली. दर शनिवारी रात्री साडेआठला मोबाइल टोपलीत टाकायचे आणि सगळ्यांनी मिळून जुना सिनेमा बघायचा, असा नियम केला. सात आठवडे कसेबसे निघाले. नवरा सोफ्यावर घोरायचा, मुलगी चुळबुळ करायची, मुलगा ‘पाणी पिऊन येतो’ म्हणून उठला की परत यायचाच नाही. सातव्या शनिवारी तो म्हणाला, ‘‘आई, तुला सिनेमा नाही दाखवायचा, तुझं लहानपण दाखवायचंय.’’ त्याच सिनेमात नायक नायिकेच्या थोबाडीत मारतो आणि ती ‘सुधारते’. मुलीने विचारलं, ‘‘तुला हे आवडायचं?’’

त्या लिहितात, ‘‘सगळ्यात वाईट पुढेच आहे. सगळे झोपल्यावर राहिलेला सिनेमा मी एकटीने लावला आणि अर्ध्या तासात माझाच डोळा लागला. मग इतकी वर्षं मी कशावर जीव लावला होता? ही पिढीच अशी आहे, की माझंच काही चुकतंय? यादी फाडून टाकू का?’’

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

यादी फाडू नका. फ्रिजवरून मात्र आजच काढा आणि घडी घालून स्वतःच्या कपाटात ठेवा. तिचं काय करायचं ते पुढे सांगते.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. चार पानी पत्र आहे. त्यात सतरंजीचे निळे-तांबडे पट्टे आहेत. काकूंच्या टीव्हीचं सरकतं लाकडी दार आहे, आणि त्याची किल्ली काकूंच्या कमरेला असायची हेही आहे. कौलांवर चढून अँटेना फिरवणारा तुमचा दादा ‘‘आलं का?’’ म्हणून विचारतोय आणि खालून तुम्ही पोरं ‘‘नाही... नाही... आलं, आलं! आता हलवू नको!’’ म्हणून ओरडताय. पडद्यावर ‘व्यत्यय’ची पाटी आली की मोठी माणसं तिथेच बसून राहायची आणि पोरं अंगणात पळायची. मध्येच काकू सुपात भाजक्या शेंगा घेऊन यायच्या. हे सगळं तुम्ही इतक्या बारकाईने लिहिलंय की तो वाडा मी बघून आल्यासारखं वाटलं. त्याच चार पानांत अकरा सिनेमांची नावं आहेत. त्यांतल्या एकाही सिनेमातला एकही प्रसंग मात्र तुम्ही लिहिलेला नाही.

मी चूक काढत नाही. तुमचा मुलगा जे बोलला ते तुम्हाला लागलं, आणि ते त्याला कुठून सुचलं असेल हे मला या पत्रातच दिसलं, म्हणून सांगतेय. सहा शनिवार तो तुमच्याकडे बघत होता. पडद्यावर काय चाललंय यापेक्षा आईच्या चेहऱ्यावर काय चाललंय, हे त्याने जास्त बघितलं. पंधरा वर्षांच्या मुलाला आईचं मन इतकं कळतं, यात खरं तर आनंद मानावा.

वाड्यातल्या त्या शनिवारांकडे जरा नीट बघू या. तेव्हा तुमच्याकडे दुसरी वाहिनी नव्हती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. तुमच्या गावापर्यंत चित्र पोचायला पुढे आणखी किती तरी वर्षं गेली. आठवड्याला एक मराठी सिनेमा. तो चांगला असो की रटाळ, तुम्ही बघत होतात, कारण सगळा वाडा तिथे होता. कुणाच्या मांडीवर कोण बसलंय, कोणाचं कोणाशी बिनसलंय, रडण्याच्या प्रसंगाला कोण पदर डोळ्यांना लावतंय, हे सगळं सिनेमाइतकंच, कदाचित जास्तच, तुम्ही बघत होतात. आज ठाण्याच्या घरात चौघं जण, चार मोबाइल टोपलीत आणि वर नियम. त्यातून तो वाडा कसा उभा राहणार? काकूंनी कुणाला बसायची सक्ती केली नव्हती. पोरं उठून पळायची, पुन्हा यायची, कुणी विचारत नसे.

म्हणजे तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी हव्या आहेत, माणसांची ती दाटी आणि ते सिनेमे. दोन्हींसाठी काही ना काही करता येईल, पण एकाच शनिवारी, एकाच टोपलीत दोन्ही घालू नका.

आता तुमच्या झोपेबद्दल. ती वाचून मला माझी विशीतली एक संध्याकाळ आठवली. पुण्यात वसतिगृहात राहत होते. मैत्रिणीने ओढत ‘संत तुकाराम’ बघायला नेलं. १९३६चा, प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांचा. १९३७च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेलेला सिनेमा, आपण बघायलाच हवा, असं तिने वाटेत मला ऐकवलं. मी बसले आणि पाऊण तासात उठून निघून आले. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस हात जोडून गातायत, मी घड्याळ बघतेय. बाहेर आल्यावर आपल्यातच काही तरी कमी आहे असं वाटत राहिलं आणि पुढे बरीच वर्षं मी त्या वाटेला गेले नाही.

चाळिशीत पुन्हा बघितला तेव्हा घरात आजारपण चालू होतं, पैशांची ओढाताण होती. या वेळी मला तुकाराम दिसलाच नाही, आवली दिसली. गौरी नावाच्या अभिनेत्रीने ती भूमिका केलीय. पोरगं तापाने फणफणलंय, घरात दाणा नाही, नवरा अभंगात. ही बाई एका हाताने पोराला ओढत, दुसऱ्या हातात पायातली वहाण घेऊन थेट देवळात शिरते, विठोबाला जाब विचारायला. तिचं बोलणं ऐका एकदा. भक्ती नाही, पोज नाही. आपल्या आळीतली बाई नळावर भांडताना बोलेल तसं बोलते ती. अठ्ठ्याऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा सिनेमा आणि त्यातली बाई माझ्या घरातल्यासारखी. त्या रात्री मला झोप आली नाही.

विशीत मी उठून आले त्यात सिनेमाचं काही कमी नव्हतं आणि माझंही काही कमी नव्हतं. मला ‘महान’ सिनेमा बघायला नेलं होतं, म्हणून मी महानता शोधत बसले. आवलीसाठी तेव्हा माझ्याकडे डोळे नव्हते. तुमचंही तसंच झालं असण्याची शक्यता आहे. दुसरीही एक शक्यता आहे, तीही सांगते : तो सिनेमा खरंच साधारण असेल. सगळं जुनं अभिजात नसतं. दूरदर्शनला जे मिळायचं ते लागायचं. तुमच्या पत्रातल्या अकरापैकी निदान चार सिनेमे मला सुमार वाटतात. वाड्यात बघितले म्हणून ते तुमच्या लक्षात राहिले, आणि त्या कारणासाठी ते तुमच्याजवळ राहू देत. पण मुलांना ‘बघा, तेव्हा कसे सिनेमे निघायचे’ म्हणून दाखवायला जाऊ नका. मुलांना फरक कळतो.

सिनेमा पुन्हा बघायचा तर एक युक्ती मला उपयोगी पडली आहे. गोष्ट बाजूला ठेवायची आणि एकच वस्तू धरून बसायचं. उदाहरणार्थ, व्ही. शांतारामांचा ‘कुंकू’ (१९३७). ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरचा. तरुण नीराचं फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लग्न लावून देतात आणि ती हे लग्न मानायलाच नकार देते, एवढी गोष्ट. तुम्ही भिंतीवरचं घड्याळ बघा. त्या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. घरात जे वाजेल तेवढंच ऐकू येतं : भांडी, पावलं, दार, आणि ते जुनं घड्याळ. सुरुवातीला ते नुसतं घरातलं घड्याळ असतं. हळूहळू केशवराव दात्यांचे काकासाहेब आणि ते घड्याळ यांची अशी सांगड बसत जाते की पुढे नुसती टिकटिक ऐकली तरी काकासाहेबांची कीव येऊ लागते, रागही येतो. आज कुठल्याही मालिकेत कुणी दार उघडलं तरी तीनदा ढोल वाजतात. अशा कानांना पहिली पंधरा मिनिटं ‘कुंकू’ रिकामा वाटणारच. ती पंधरा मिनिटं स्वतःला द्या. कान जागेवर येतात.

आता एक अगदी व्यवहाराची गोष्ट, जी तुमच्यासारख्या किती तरी जणांच्या लक्षात येत नाही : कंटाळ्याचं निम्मं कारण तुमचा टीव्ही असू शकतो. जुने सिनेमे आणि दूरदर्शनचे कार्यक्रम जवळजवळ चौकोनी चित्रात घेतलेले असतात, चारास तीन या प्रमाणात. आजचा टीव्ही लांबट आहे. तो रिकामी जागा भरायला चित्र आडवं ताणतो. मग ‘कुंकू’तल्या नीरा, म्हणजे शांता आपटे, बुटक्या आणि जाड दिसतात, मोटारीची चाकं अंड्यासारखी दिसतात, आणि सगळंच कसं तरी, बेगडी वाटतं. सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचा आकार ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ देत. मोबाइलवर उलटा प्रकार होतो, पडदा भरायला चित्र मोठं करतात आणि माणसांची डोकी वरून कापली जातात. टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी ‘मोशन’ नावाची जी सोय असते तीही बंद करा, नाही तर १९५२चा सिनेमा कालच्या मालिकेसारखा दिसतो.

दुसरं, यूट्यूबवर पहिली सापडेल ती प्रत लावू नका. एकाच सिनेमाच्या तीन-चार प्रती असतात. प्रत्येकीची लांबी बघा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, आपला जुना टीव्ही २५ने चालायचा. टीव्हीच्या टेपवरून उतरवलेली प्रत त्यामुळे चार टक्के जोरात धावते. दोन तासांचा सिनेमा पाचेक मिनिटं आधी संपतो आणि गाणाऱ्याचा आवाज किंचित बारीक होतो. त्याहून जास्त फरक दिसला तर कुणी तरी मधले प्रसंग किंवा गाणी उडवलेली असतात. लांबी जास्त आणि चित्र स्वच्छ ती प्रत घ्या. निर्मात्यांच्या किंवा हक्क असलेल्या कंपन्यांच्या अधिकृत चॅनलवर असेल तर ती पहिली. आवाज खरखरत असेल तर साउंड सेटिंगमध्ये संवाद ठळक करणारी सोय असते, ती लावा; साधा वेगळा स्पीकर जोडला तरी खूप फरक पडतो. घरात सत्तरी-पंचाहत्तरीचे आई-वडील असतील त्यांच्यासाठी तर हे आधी करा. ‘बाबा हल्ली सिनेमा अर्धा सोडून उठतात’ अशा तक्रारीमागे पुष्कळदा नुसतं ऐकू न येणं असतं आणि ते कबूल करायला त्यांना जड जातं.

आता मुलांकडे येऊ. ‘ही पिढीच अशी आहे’ हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलंय आणि तुमच्याच पत्रात ते खोटं ठरतं. तिसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेला आहात की मुलगा मित्रांना दिवसभर ‘बनवाबनवी’चे मीम पाठवत असतो. धनंजय माने आणि वारलेले सत्तर रुपये त्याला तोंडपाठ आहेत. अहो, तो सिनेमा १९८८चा! पस्तिशी ओलांडून गेला. तुम्ही सतरंजीवर बसत होतात तेव्हा राजा परांजप्यांचा १९५२चा ‘पेडगावचे शहाणे’ जितका जुना होता, तितकाच आज त्याला बनवाबनवी जुना आहे. मुलगा जुना सिनेमा बघतो. त्याच्या दाराने बघतो, तुकड्यातुकड्यांनी बघतो, आणि मित्रांबरोबर बघतो. त्याच्या मोबाइलमध्ये त्याची स्वतःची सतरंजी अंथरलेली आहे. तिच्यावर तुम्हाला बोलावलेलं नाही, एवढंच.

म्हणून त्याला वेगळं काही दाखवायच्या आधी त्याच्या त्या मीममधला सिनेमा एकदा अख्खा बघू या का, असं त्यालाच विचारा. रिमोट त्याच्याकडे. तो संवाद आधीच म्हणत असेल तर म्हणू दे. हसून झाल्यावर सांगा की हे कथानक हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’वरून आलंय. ‘तो बघ’ म्हणू नका. फक्त सांगा. कुतूहल असेल तर रात्री दोन वाजता तो स्वतः शोधून बघेल, आणि तुम्हाला ते कळणारही नाही.

दहावीतल्या मुलाला, त्यातून तो रहस्यकथांच्या वेब मालिका बघतो असं तुम्ही लिहिलंय म्हणून, माझ्या मते तुमच्या यादीत दोनच नावं आत्ता कामाची आहेत. एक राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ (१९६४). यावरूनच पुढे हिंदीत ‘मेरा साया’ निघाला. त्याला शेवट आधी सांगू नका, एवढं पथ्य पाळा. दुसरा डॉ. जब्बार पटेलांचा ‘सामना’, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. दारूच्या नशेत गावात येऊन पडलेला एक मास्तर आणि साखर कारखान्याचा मालक असलेला एक पुढारी, श्रीराम लागू आणि निळू फुले. मारुती कांबळेचं काय झालं, हा एक प्रश्न मास्तर सोडत नाही. तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या, ऊस आणि कारखाना बघत वाढलेल्या. हा सिनेमा बघताना तुमच्याकडे सांगण्यासारखं खूप असेल. त्याने विचारलं तरच सांगा. सिनेमा चालू असताना ‘हे बघ, आता बघ हं काय होतं’ करायची आपली आयांची जी सवय असते ना, तिने भले भले सिनेमे मुलांच्या मनातून उतरवले आहेत. माझ्या भाचीच्या बाबतीत मी हेच केलं. व्ही. शांतारामांच्या ‘शेजारी’ सिनेमातल्या त्या शेवटच्या धरणाच्या प्रसंगाआधी मी तिला तीनदा सांगितलं, ‘आता बघ.’ ती बघत राहिली माझ्याकडे. तो प्रसंग तिच्या वाट्याचा होता, मी आधीच उष्टा केला.

मुलीचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याला तुम्ही उत्तर दिलेलं नाही असं पत्रावरून दिसतं. ‘‘तुला हे आवडायचं?’’ या प्रश्नाला ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर देऊ नका. सहावीतली मुलगी विचारतेय की माझी आई थोबाडीत मारणं बरोबर मानते का. तिला खरं सांगा. म्हणा, ‘‘हो, तेव्हा सगळे हसायचे, मीही हसायचे. आज तुझ्या शेजारी बसून बघताना मला लाज वाटली.’’ सिनेमा लपवू नका, त्याची वकिलीही करू नका.

आणि ‘तो काळ तसा होता’ हे खरंही नाही. तो थोबाडीत मारणारा सिनेमा ज्या वर्षी निघाला, त्याच्या चाळीसेक वर्षं आधी ‘कुंकू’ येऊन गेला होता. त्यातली नीरा मारही खात नाही आणि सुधारतही नाही. ‘हे लग्न मला मान्य नाही’ म्हणते आणि शेवटपर्यंत त्यावर ठाम राहते. तिच्या बाजूने उभी राहणारी, नवऱ्याची शिकलेली मुलगी आहे ना, ती भूमिका शकुंतला परांजप्यांनी केलीय. पडद्याबाहेर त्या र. धों. कर्व्यांच्या संततिनियमनाच्या कामात होत्या. मुलीला हे दाखवा असं मी म्हणेन, पण तुम्ही शेजारी बसून, आणि शेवटी काकासाहेब जीव देतात हे तिला आधी हळूच सांगून ठेवून. अकरा-बारा वर्षांच्या मुलीवर ते अचानक आदळू नये. दोन बैठकींत बघितला तरी चालेल. मध्यंतर आपल्याकडे असतंच, तिथे थांबा, जेवा, दुसऱ्या दिवशी पुढचं बघा.

छोट्या मुलांच्या बाबतीत मी अख्ख्या सिनेमाऐवजी मालिकेचा एखादा भाग सुचवते. ‘मालगुडी डेज’चा भाग वीस-बावीस मिनिटांत संपतो. आर. के. नारायण यांच्या गोष्टी, शंकर नाग यांचं दिग्दर्शन, आगुंब्याचं ते पावसात भिजलेलं गाव, आणि सुरुवातीला आर. के. लक्ष्मण यांची चित्रं. तुमची मुलगी चित्रं काढते म्हणालात. तिला ती चित्रंच आधी धरतील. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ तुमच्या यादीत पहिल्या पानावर आहेत, तेही छान आहे, फक्त ती मालिका सलग बघायला मिळेल अशी आशा ठेवू नका. त्या काळी टेप महाग असायची, जुन्या कार्यक्रमावर नवा मुद्रित व्हायचा. प्रसारभारतीच्या संग्रहाचं आणि सह्याद्रीचं यूट्यूब चॅनल अधूनमधून चाळत राहा, जे सुटं-सुटं सापडतं ते बघा.

इथे थोडं थांबून एक सांगावंसं वाटतं, कारण तुमच्यासारखी पत्रं मला हल्ली वरचेवर येतात आणि बऱ्याच जणांच्या कपाटात जुन्या व्हीएचएस कॅसेट पडून आहेत. आपल्याकडे जपण्यात फार हेळसांड झाली. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा, तो आज पूर्ण उपलब्ध नाही. जानेवारी २००३मध्ये पुण्यात नायट्रेटच्या जुन्या फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या काळातला मौल्यवान ठेवा तिच्यात गेला. घरात टीव्हीवरून मुद्रित केलेली एखादी कॅसेट असेल, त्यात दूरदर्शनचा जुना ‘गजरा’ कार्यक्रम असेल, एखादं नाटक असेल, तर पावसाळ्याच्या आत ती डिजिटल करून घ्या. बुरशी लागलेली कॅसेट घरच्या प्लेअरमध्ये घालू नका. हे काम करणारे जाणकार मोठ्या शहरांत आहेत, त्यांच्याकडे न्या.

आता दुसरी गोष्ट, ती माणसांची दाटी. घरात ती जमणार नाही, पण ती पूर्णपणे संपलेली नाही. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८पासून चालू आहे. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय आहे, तिथे खेळ होतात. गावोगावी लहान फिल्म सोसायट्या आहेत. अशा खेळाला एकदा जा. अनोळखी माणसांबरोबर अंधारात बसून जुना सिनेमा बघताना शेजारचा माणूस गाण्याच्या आधीच गुणगुणायला लागतो, कुणी तरी हुंदका गिळतं, विनोदावर सगळं थिएटर एकदम हसतं. ज्याला तुम्ही इतकी वर्षं ‘शनिवारचा सिनेमा’ म्हणत आलात, त्याच्या सगळ्यात जवळचं हेच आहे. पहिल्यांदा एकट्या जा. नवऱ्याला घोरायचं असेल तर घरी घोरू दे बिचाऱ्याला, तो आठवडाभर लोकल धरतो.

आणि यादी. घडी घालून कपाटात ठेवलेली. तिच्यातला एक सिनेमा महिन्यातून एकदा काढा, एकटीने बघा, हेडफोन लावून, कुणालाही न बोलावता. बघून झाल्यावर त्या नावासमोर एक प्रसंग लिहा. सिनेमा आवडला की नाही ते लिहू नका. एक प्रसंग फक्त, जसा दिसला तसा. झोप आली तर झोपा आणि नाव खोडून टाका. वर्षभराने त्या कागदावर पाच-सात प्रसंग जमले तरी पुष्कळ झाले. मुलं येता-जाता विचारतीलच, ‘हे काय बघतेयस?’ तेव्हा एका वाक्यात सांगायचं आणि पुन्हा पडद्याकडे वळायचं. बसली तर बसली.

एक राहिलं. तुम्ही लिहिलंय की समोरच्या काकू आता मुलाकडे कोल्हापुरात असतात, पंच्याऐंशीच्या घरात आहेत, आणि शेवटचं बोलणं होऊन सहा वर्षं झाली. या शनिवारी टोपली काढू नका, काकूंना व्हिडिओ कॉल लावा. मुलांना शेजारी बसवा. काकूंना विचारा, दर आठवड्याला तीस माणसं घरात घेताना त्यांना कधी कंटाळा यायचा का, सिनेमा त्यांना स्वतःला बघायला मिळायचा की शेंगाच भाजत बसायच्या. तुम्ही सतरंजीवरून जे बघितलं ते मुलांना माहीत आहे. काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून काय बघितलं हे तुम्हालाही माहीत नसेल. आणि तो सरकत्या दाराचा टीव्ही अजून माळ्यावर असला तर त्याचा एक फोटो मागवून घ्या. मला पाठवा, मलाही बघायचाय.

तुमची,
ताई